नायिकेला डेंग्यू होत नाही

माझा नवरा लेखक होता आणि त्याच्या कथांमधल्या बायका तरुणपणीच मरायच्या. क्षयाने, विरहाने, कधी नुसत्याच खिडकीत उभ्या राहून. मरताना त्या अधिकच सुंदर दिसायच्या. धुकं, ओसाड चर्च, काळे पक्षी आणि कबरीपाशी बसून राहणारा नायक, हे त्याचं ठरलेलं सामान. पुण्याच्या एका दिवाळी अंकाने त्याला काळोखाचा भाष्यकार म्हटलं, तेव्हापासून तो घरातही खालच्या आवाजात बोलायला लागला.

सिंगापूरला आम्ही दोघंही नोकरीसाठी आलो. तांजोंग पगार भागातल्या बँकेतली नोकरी त्याने लवकरच सोडली, कारण आकडे त्याचा आत्मा कुरतडत होते. माझ्या आत्म्याची चौकशी कुणी केली नाही. मी हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत होते. एका पगारात भागेना म्हणून आम्ही शहराच्या टोकाला, वुडलँड्सला स्वस्तातला फ्लॅट भाड्याने घेतला आणि तो माझ्या नोकरीच्या व्हिसावर, म्हणजे पासवर, डिपेंडंट म्हणून राहू लागला. भर दुपारी पडदे ओढून, एसी लावून, मेणबत्तीच्या उजेडात तो मृत्यूविषयी लिहायचा. इंडोनेशियातल्या जंगलांतल्या आगींचा धूर शहरावर आला की लोक खिडक्या बंद करायचे. हा धुक्याचा अनुभव घ्यायला खाली जाऊन उभा राहायचा. मग आठवडाभर खोकत बसायचा. दुःखाचा त्याला अनुभव नव्हता, नुसती आवड होती.

मग मला डेंग्यू झाला. प्लेटलेट्स उतरल्या आणि हॉस्पिटलात ठेवलं. हिरड्यांतून रक्त येत होतं, अंगभर पुरळ, सारखी उलटी. दुसऱ्या दिवशी तो आला आणि दारातच थांबला. मी पाणी मागितलं.

“नर्सला पाठवतो,” तो म्हणाला. “मला हा वास सहन होत नाही गं. समजून घे.”

मग आत येऊन माझ्या पर्समधून फोनचा चार्जर काढून घेतला आणि गेला, तो हॉस्पिटलात परत आलाच नाही.

आमच्या लहानग्या मुलीला शेजारच्या चिनी आंटीने सांभाळलं. रोज बस बदलून आंटी माझ्यासाठी भाताची पेज आणायची.

“हजबंड वर्किंग आह?” तिने विचारलं.

मी हो म्हटलं. खरं सांगायची लाज वाटली.

मी बरी झाल्यावर काही महिन्यांनी मराठी मंडळींच्या बैठकीत त्याने नवी कथा वाचली. तापाने फणफणलेली पत्नी, तिच्या उशाशी अखंड बसलेला पती. तिच्या गालांवर चांदणं पसरलेलं, तिच्या एकेका श्वासाबरोबर तो विझत चाललेला. पुरळ नव्हतं, उलटी नव्हती. बायका डोळे पुसत होत्या. शेजारी बसलेल्या बाई माझा हात दाबून म्हणाल्या, “वहिनी, किती जपलं हो त्यांनी तुम्हाला.”

“तो एकदाच आला होता,” मी म्हटलं. “चार्जर न्यायला.”

हळूच बोलायचं होतं, पण खोली शांत होती. सगळ्यांनाच ऐकू गेलं. त्याने कागद खाली ठेवले. कुणीतरी घाईघाईने चहा आणायला उठलं.

घरी आल्यावर तो म्हणाला, “साहित्यातलं सत्य वेगळं असतं. ते तुला कळायचं नाही.”

“असेल,” मी म्हटलं. “मी मागितलं ते पाणी मात्र साधं प्यायचं होतं.”

तो लिहायच्या टेबलाशी जाऊन बसला. बहुधा ते वाक्य कथेत कुठे बसेल, याचा विचार करत असावा.

वर्षाच्या आत तो पुण्याला निघून गेला. इथल्या हवेत गूढता नाही, असं मित्रांना सांगितलंन. आईच्या हातचं दोन वेळा जेवून तिथे त्याने एकाकीपणावर दोन कथासंग्रह काढले. घटस्फोट रीतसर झाला. मुलगी आणि मी इथेच राहिलो, कायम राहायचा परवाना, पीआर, मिळाला.

एकदा पुण्यातल्या एका लग्नात त्याची एक वाचक भेटली. मी कोण हे कळल्यावर तिचा चेहरा हळवा झाला.

“इतक्या संवेदनशील माणसाबरोबर राहणं सोपं नसेल,” ती म्हणाली.

“नव्हतं,” मी म्हटलं आणि जेवणाच्या रांगेत पुढे सरकले.