बोट असते तिथे मासे नसतात

महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी आम्ही तिघं सिंगापूरच्या पुलाउ उबीन बेटाजवळ बोटीतून मासे धरायला जातो. मासे मिळतात क्वचित, किस्से मात्र टोपलीभर! आता इतके साठलेत की एक सांगायला घ्यावा, तर दुसराच पुढे घुसतो.

तिघं म्हणजे मी, फडके आणि शिरीष. मी मूळची अलिबागची, राहते सेंगकांगला. फडके युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक, माशांवर संशोधन करतो आणि स्वतः पक्का शाकाहारी! शिरीष चोआ चू कांगचा, आयटीतला मॅनेजर. त्याची बायको अनघा माझी जिवलग मैत्रीण. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून त्यांची पंधरा वर्षांची मिहिका बापाशी बोलत नाही. ‘ओके’, ‘कॅन’, ‘नेव्हर माइंड’, बास. मराठी ती आईशीच बोलायची, ते तर बंदच झालं. पोरीने पूर्वीसारखं बोलावं, यापलीकडे शिरीषला काही नको होतं.

*

पहिल्या दिवशी बोटवाल्या अंकलनी फडकेच्या हातात गळ दिला. फडकेने दोन्ही हात मागे घेतले.

“नो नो, अंकल. आय ओन्ली काउंट फिश!”

अंकलनी त्याला नखशिखांत न्याहाळलं. “काउंट ओन्ली? देन हू ईट?”

मी हात वर केला. तेव्हापासून फडकेच्या वाटणीचा जिताडा माझ्या फ्रीजमध्ये जातो.

*

इथे यायच्या आधी फडके एका थंड देशात होता. तिथल्या तलावातले ट्राउट मोजायचं काम होतं. बोटीला एक यंत्र लावलेलं. ते पाण्यात आवाज सोडायचं आणि मासा असला की पडद्यावर ठिपका उमटायचा. फडकेने आठवडाभर तलाव पालथा घातला, ठिपके हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. गड्याने रिपोर्ट लिहून टाकला, तलाव रिकामा!

त्याच्या प्रोफेसर बाईंनी रिपोर्ट वाचला आणि त्याला काठावर नेऊन बसवलं. बोट बांधलेली, इंजिन बंद. अर्ध्या तासात समोर मासे उसळायला लागले.

बाई म्हणाल्या, “तलावात मासे नाहीत असं नाही. तू असतोस तिथे नाहीत.”

उथळ पाण्यातला ट्राउट बोटीची चाहूल लागली की बाजूला सरकतो म्हणे. म्हणून तिकडचे लोक आमिष एका तरंगत्या फळीला जोडून बोटीपासून लांब सोडतात. मी पोट धरून हसले. शिरीष हसला नाही.

*

एकदा मी सगळ्यांना जेवायला बोलावलं. बाजारात सॅमन बरा मिळाला होता, त्याला सुरमईसारखा रवा लावून तव्यावर परतला. फडकेला वरणभात. शिरीष मिहिकाशी बोलायला जो सुरू झाला तो थांबेचना. “टेस्ट कशी गेली गं? मैत्रिणीचा फोन आला का? आवडलं का? अजून एक तुकडा घे ना!”

मिहिकाने ताट सरकवलं. “बाबा, यू डोन्ट टॉक. यू अनाउन्स, लाह!”

आणि ती आतल्या खोलीत निघून गेली. मला शिरीषची कणव आली आणि रागही आला. अनघा असती तर म्हणाली असती, अरे, मध्ये श्वास तरी घे!

बराच वेळ तो ताटातले काटे कडेला सारत बसला. मग म्हणाला, “फडके, सगळेच मासे पळतात का रे बोटीला?”

“सगळे नाही. सॅमनची एक जात आहे, कोहो. तो उलटा जवळ येतो. बोटीच्या पंख्यामागे फेस उठतो ना, थेट त्यात घुसतो.”

“मग आपल्यासमोरचा कुठला, हे कळायचं कसं?”

“इंजिन बंद करायचं आणि बसायचं.”

“किती वेळ?”

“ते मासा ठरवतो!”

*

शिरीषने हे इतकं मनावर घेतलं की पुढच्या खेपेला नेहमीची जागा यायच्या कितीतरी आधीच त्याने इंजिन बंद करायला लावलं. तिघं चिडीचूप. इकडे पाण्याला ओढ अशी की बोट आपली समोरच्या मलेशियातल्या जोहोरच्या किनाऱ्याकडे निघाली! अंकलनी शांतपणे विचारलं, “टुडे ब्रिंग पासपोर्ट ऑर नॉट?”

*

गेल्या महिन्यात मिहिका आली. बापाने विचारलं आणि ती ‘कॅन’ म्हणाली, म्हणजे ‘चालेल’, एवढंच. जेट्टीवर शिरीष माझ्या कानात म्हणाला, “आज मी तोंड उघडणार नाही. उघडलं तर चिमटा काढ.”

अंकलनी इंजिन बंद केलं. शिरीष तिच्याकडे पाठ करून पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. त्याच्या गळाची काठी शेजारच्या खोबणीत लावलेली. तासभर कुणी बोललं नाही. दोनदा त्याने मान वळवली, दोन्ही वेळा मी डोळे वटारले.

मग मागून आवाज आला. “बाबा, आईला पोहता यायचं?”

मराठीत! शिरीषची पाठ ताठ झाली. एरवी त्याने यावर अर्धा तास सांगितलं असतं.

“नाही,” तो म्हणाला. आणि थांबला.

तेवढ्यात त्याच्या गळाची काठी वाकली. रीळ करकरत सुटलं, दोर सरसर पाण्यात जायला लागला. मोठा जिताडा! अशा वेळी बोट माशामागे न्यावी लागते, नाहीतर दोर संपतो आणि तुटतो. अंकल ओरडले, “बिग वन! बिग वन!” आणि त्यांनी इंजिनच्या चावीला हात घातला.

“मग माझ्याबरोबर ती पूलमध्ये का उतरायची?” मिहिकाने विचारलं.

शिरीषने रिळाकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने फक्त हात वर केला.

“नो इंजिन, अंकल,” तो हळूच म्हणाला. “प्लीज. नो इंजिन.”