त्यानं मागवलेली रेकॉर्ड

माझ्या मित्राला गॉथ रॉकचं, म्हणजे काळ्या कपड्यांतल्या उदास इंग्रजी गाण्यांचं, वेड होतं. तेही माजलगावात! मे महिन्यात, टाळकं तापवणाऱ्या उन्हात, अंगात काळा शर्ट, काळी पँट. चौकातली पोरं विचारायची, "आज संक्रांत हाय का बे?" हा नुसता हसायचा. एका इंग्रज बँडचा पहिला अल्बम आम्ही कॉलेजपासून मोबाइलवर ऐकत आलो होतो. संथ ड्रम, जड बेस आणि विहिरीच्या तळातून यावा तसा गाणाऱ्याचा आवाज. मला निम्मं कळत नसे. त्याला सगळं पाठ.

तो अल्बम रीमास्टर होऊन, म्हणजे आवाज नव्यानं साफ करून, पुन्हा रेकॉर्डवर निघणार अशी बातमी आली आणि ह्यानं लगेच मागवून टाकला. जुना रेकॉर्ड प्लेअर आधीच दुरुस्त करून घरात ठेवलेला. पत्ता मात्र माझा दिला, कारण वडिलांच्या लेखी ते "मढ्याचं गाणं" होतं. "आली की एकट्यानं फोडू नको, लई मार खाशील," असं मला रोज बजावायचा.

रेकॉर्ड यायच्या आधी तोच गेला. कारखान्याचा सीझन होता, आणि रात्रीच्या अंधारात त्याच्या गाडीपुढच्या उसाच्या ट्रॉलीला मागं लाल दिवा नव्हता. एवढंच. आजही त्या ट्रॉलीवाल्याला शिव्या हासडाव्याशा वाटतात.

दहाव्याला सिंदफणेच्या काठी पिंड ठेवला. कावळे झाडावर बसलेले, पण एकही खाली येईना. गेलेल्याची इच्छा राहिली की असं होतं म्हणतात. मग एकेकजण पुढं होऊन हात जोडून कबूल करू लागला. मामा म्हणाले, बहिणीचं लग्न थाटात करू. चुलते म्हणाले, तुझ्या आईला अंतर देणार नाही. कावळा हलेना. वडिलांचा तर बांधच फुटला, "माझं काही चुकलं आसंल तर माफ कर रे बाबा."

त्याचा जीव कशात होता ते मला ठाऊक होतं. मी दहा पावलांवर उभा होतो. पण त्या टोप्या-रुमालांच्या गर्दीत इंग्रजी गाण्यांच्या रेकॉर्डचं नाव कसं काढायचं? लोक हसतील, नाहीतर हाणतील. मी आणखी दोन पावलं मागं सरलो. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि माणसं पांगली.

चार महिन्यांनी पार्सल आलं. मी ते न फोडता त्याच्या घरी नेलं, आईवडिलांसमोर उघडलं, रेकॉर्ड लावली. वडील भिंतीला टेकून ऐकत बसले. गाणी थांबल्यावर मी मान खाली घालून सांगितलं, "काका, त्या दिवशी त्याचा जीव ह्याच्यात अडकला होता. मला माहीत होतं. मी बोललो नाही."

काकूंनी पदर तोंडाला लावला. "आरं, मग तवाच कावून न्हाई बोललास? गेला त्या सकाळी हे त्याला काळ्या कपड्यावरून लई टाकून बोलले व्हते. 'पोरगं माझ्यावर रुसून गेलं, म्हणूनच कावळा शिवला न्हाई,' आसं धरून बसलेत; चार महिने झाले, ह्यांनी धड घास गिळला न्हाई."

त्या सकाळचं मला काहीच माहीत नव्हतं.

काका सरकत माझ्याजवळ आले. "माझ्यावर राग न्हवता ना रे त्याचा?"

"नव्हता, काका."

"पुन्यांदा सांग."

मी पुन्हा सांगितलं.