लग्नाचे फोटो काढणारी शामला

लोकांच्या लग्नात स्टुलावर चढून फोटो काढणाऱ्या मुलीचं स्वतःचं लग्न कसं जमणार, ही काळजी सुमतीबाई खानझोड्यांच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हती. भाजी निवडताना तीच, आणि आता नरखेडकडे निघालेल्या एस.टी.त खिडकीशी बसल्यावरही तीच. साल एकोणऐंशी. शामला बी.एस्सी. झालेली, नाकीडोळी नीटस, बोलायला चटपटीत. शेजारच्या सीटवर मांडीवर कॅमेऱ्याची पिशवी घेऊन ती खुशाल झोपली होती.

कॅमेरा मधुसूदनमामाचा. हौसेनं घेतला, पण त्यावरचे आकडे काही त्याच्या डोक्यात शिरेनात. शामला मॅट्रिक झाली तेव्हा त्यानं तो तिच्या हातात ठेवला, "घे बाई, हे गणित तूच सोडव." पोरीनं ते सोडवलं. रोल जपून वापरायचा, म्हणून रिकाम्या कॅमेऱ्यावर सराव चाले. सुमतीबाई पोळ्या लाटत असायच्या आणि ही दारात बसून खटके दाबायची. "सोपं आहे गं आई. पातेल्यावरचं झाकण किती सरकवायचं आणि किती वेळ उघडं ठेवायचं, एवढंच. ऊन असलं की थोडंसं आणि झटकन. अंधार असला की मोठं आणि सावकाश." वेगाचं चक्र फिरवून ती विचारायची, "आता डोळे मीट. हा कोणता? साठ की अडीचशे?" आधी सुमतीबाईंना सगळे खटके सारखेच वाटत. हळूहळू कान तयार झाला. साठचा आवाज जरा रेंगाळणारा, अडीचशेचा तुटक. पोळी करपू न देता त्या उत्तर द्यायला लागल्या.

पुढे कामं यायला लागली ती एका साध्या कारणानं. हळदीच्या खोलीत, नवरीला नटवताना, पुरुष फोटोग्राफरला कोण येऊ देणार? शामला सरळ आत जायची. नागपूरच्या गांधीबागेतल्या कापडवाल्यांच्या सुना तिलाच बोलवा म्हणून हटून बसत.

हे सगळं कौतुकाचं, पण धरमपेठेतल्या चारुलताबाई घरी येऊन गेल्या आणि कौतुकाला कात्री लागली. मुलगा कृष्णकांत कॉलेजात शिकवणारा, शांत. मुलगी दोघांनाही पसंत. फक्त निघताना चारुलताबाई म्हणाल्या, "लग्नापर्यंत करू द्या हौस. पुढे मात्र आमची सून लोकांच्या मांडवात स्टुलावर चढलेली चालायची नाही. तुमचं काय ते फोनवर कळवा."

शामला म्हणाली, "कॅमेरा सोडायचा नाही, एवढं सांग त्यांना." आणि पोळीचा घास तोंडात टाकून मोकळी झाली. सुमतीबाईंनी मात्र मनात ठरवून टाकलं होतं. नरखेडहून परतलं की 'सोडेल ती' असं कळवायचं. संसारात पडली की पोरगी आपोआप विसरेल. असं स्थळ पुन्हा दारात येत नाही.

लग्न होतं नरखेडच्या रूपरावांच्या मुलीचं, त्यांच्याच घरी. संत्र्याचा तोडा नुकताच झालेला, ओसरीत संत्र्यांचे ढीग, आणि त्यातूनच वाट काढत वऱ्हाडी फिरत होते. मुहूर्त गोरजाचा. शामला दुपारभर खोलीत नवरीजवळ होती. सुमतीबाई कोपऱ्यात बसून तिची पिशवी राखत होत्या.

नवरीची आत्या जयवंताबाई, हात हळदीकुंकवानं माखलेले, शामलाजवळ आली. "मले बी दाखव वं यातून. कशी दिसते आमची पोरगी?"

"घ्या. ही कडी फिरवली की स्पष्ट दिसेल."

जयवंताबाईनं एक डोळा मिटला. "अवं माय! यातून तं लई गोरी दिसून राहिली! हे मशीन असंच नवरदेवाच्या डोळ्याले बांधून देजो."

खोली खदखदून हसली. मुहूर्त जवळ आला होता. शामलानं कॅमेरा मांडवासाठी लावून ठेवला, वर फ्लॅश बसवला, कॅमेरा आईच्या हातात दिला आणि स्टूल कुठे ठेवायचं ते बघायला गेली. सुमतीबाईंनी पाहिलं तर कॅमेरा सगळा पिवळा. अशी घाण घेऊन पोर मांडवात जाणार? त्यांनी पदराचं टोक घेतलं आणि देवघरातली समई पुसावी तसा तो कॅमेरा चारही बाजूंनी घासून लख्ख केला.

मांडवात उजेड झपाट्यानं उतरत होता. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, अंतरपाट दूर झाला. नवरीनं हार उचलला. स्टुलावरून शामलानं खटका दाबला, फ्लॅश लखकन चमकला.

आवाज तुटक आला.

सुमतीबाईंनी तो लगेच ओळखला, अडीचशे. फ्लॅश लावला की चक्र साठच्या पुढे न्यायचं नाही, हे त्यांनी पोळपाटाशी बसून किती वेळा ऐकलं होतं. खटका त्याहून घाईनं मिटला, की फोटोत बोटभर उजेडाची पट्टी आणि बाकी काळोख. आणि चक्र कुणी फिरवलं, हेही त्यांना त्याच क्षणी कळलं.

नवरदेव हार घालायला हात उचलतच होता. "थांबा!" शामला म्हणाली.

वाजंत्री अडखळली. सगळा मांडव तिच्याकडे बघायला लागला. तिनं चक्र पाहिलं, त्याच्या खाचेत अडकलेली हळद पाहिली, क्षणभर आईकडे पाहिलं. मग रूपरावांकडे वळून स्वच्छ आवाजात म्हणाली, "काका, नवरीनं हार घातला तो फोटो आला नाही. चूक माझी आहे. आता येईल. परत घ्यायचा का, ते तुम्ही सांगा."

"फोटोवाली पोरगी आणली काहून म्हणतो मी?" नवरदेवाचे आजोबा महादेवराव कडाडले. "घातलेला हार उतरवतेत का कुठं?"

रूपरावांचा चेहरा पडला. "नाही, उतरवाचा नाही," ते म्हणाले. "पण पोरीचा तोच फोटो पाहिजे होता मले."

सुमतीबाईंना वाटलं, उठून ओरडावं, चूक तिची नाही, माझी आहे. पण त्या पिशवी धरून बसूनच राहिल्या.

"उतरवाले कोण सांगते?" जयवंताबाई पुढे झाली. तिच्या हातात स्वतःच्या जावयाच्या मानासाठी आणलेला जादा हार होता. "दुसरा घाला ना! दोन हार घातले म्हणून काय नवरे दोन होतेत?"

मांडवात असा हशा उसळला की महादेवरावांच्याही मिशा हलल्या. "घाला बापा, घाला. नाही तं ही बाई तिसरा आणन."

शामला हसली नाही. तिनं चक्र साठवर आणलं, एक खटका असाच वाया घालवला, कान देऊन आवाज ऐकला. मग नवरीला म्हणाली, "मान वर, ताई. हारांकडे नको, त्यांच्याकडे बघ." नवरीनं पाहिलं. खटका रेंगाळत मिटला. त्यानंतर रात्रीच्या पंगतीपर्यंत प्रत्येक खटक्याआधी ती चक्र बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी परतीच्या एस.टी.त काटोल मागे पडल्यावर सुमतीबाई म्हणाल्या, "शामे, ते चक्र माझ्या पदरानं फिरलं गं."

"माहीत आहे मला."

"मग सगळ्यांसमोर माझी चूक, माझी चूक काय? त्या म्हाताऱ्यानं किती बोलून घेतलं तुला!"

"खटका दाबायच्या आधी चक्र बघायचं काम कुणाचं? माझं. घाईत राहून गेलं." शामलानं संत्र्याची साल खिडकीबाहेर टाकली आणि अर्धं संत्रं आईच्या हातात दिलं. "आणि तू एवढं घासून पुसलंस म्हणून मी तुला मांडवात उभं करू? खा, गोड आहे."

सुमतीबाई फोडी खात राहिल्या. दोनशे माणसांपुढे चूक कबूल करायची, ती निस्तरायची, आणि रडवेलं न होता पुढचं काम करायचं! त्या स्वतः बी.ए. झालेल्या, पण बावीस वर्षांच्या संसारात सासूबाईंसमोरही असं सरळ उभं राहणं त्यांना जमलं नव्हतं. हे पोरीला त्या स्टुलावरच आलं होतं. ते सोडायला सांगून तिला कोणत्या सुखात टाकणार होतो आपण?

नागपूर आलं. रिक्षा घराकडे, महाल भागात वळली तेव्हा कोपऱ्यावरचं भैयाजींचं औषधांचं दुकान उघडं दिसलं. त्यांच्या गल्ल्याशेजारी फोन होता.

"थांबव रे," सुमतीबाई रिक्षावाल्याला म्हणाल्या.

"काय झालं? डोकं दुखतंय?" शामलानं विचारलं.

"काही दुखत नाही. धरमपेठेला फोन करायचा आहे." त्या खाली उतरल्या, पदर सारखा केला. "कॅमेरा राहील, एवढं आधी सांगते. मग मुलाबद्दल बोलू, त्यांना बोलायचं असेल तर."