जनाभाऊचा राणीछाप

साकोलीच्या स्टँडवर सिहोऱ्याची गाडी लागली आणि ओळखीच्या कंडक्टरनं दारातूनच सांगितलं, "सेठ, तुमचे जनाभाऊ गेले. परवा. खोकून राहिले होते, मंग खोकणंच थांबलं." या गोष्टीला आता महिना होईल. माती द्यायला मी पोचलो नाही, तेरवीला गेलो. खरं सांगायचं तर तेवढीच माझी हिंमत झाली.

जनाभाऊ म्हणजे सिहोऱ्याचा धान पिकवणारा शेतकरी, माझा शाळेपासूनचा सोबती. साकोलीला येण्याआधी सिहोऱ्यातच माझं सराफीचं लहानसं दुकान होतं. दुपारी तो पायरीवर येऊन बसायचा आणि मी कुणाच्या तोड्याला टाका मारत असलो की विचारायचा, "आज चांदीत किती मिसळवलं गा?" मी शिवी हासडायचो, तो पोट धरून हसायचा. मला असं बोलायची गावात दुसऱ्या कोणाची छाती नव्हती. माझ्या शब्दावर गाव चांदी घेत होतं, विकत होतं... आणि मला त्याची घमेंड होती.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या साली त्याच्या सुमनचा भंडाऱ्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला नंबर लागला. पोरगी हुशार, पण वसतिगृहाचा खर्च आणायचा कुठून? जनाभाऊनं धानाच्या ढोलीच्या तळातून आजाचा राणीछाप रुपया काढला आणि हळदीच्या फडक्यात बांधून माझ्याकडे आणला. रुपया तव्यासारखा काळा, पण उजेडात तिरपा धरला तर राणीच्या केसांची बट न बट मोजून घ्यावी! मी फरशीवर वाजवला, खणखणला. तोलला, तर तोळ्याला गुंजभरही कमी नाही. नागपूरच्या एका नाणी जमवणाऱ्या गृहस्थांना साल लिहून कळवलं. उत्तर आलं की हे साल सहसा सापडत नाही. नाणं झिजलेलं नसेल तर ते अशी किंमत देणार होते, की सुमनची दोन्ही वर्षं निघाली असती. ते पत्र जनाभाऊनं माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

निघायच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "जसा आहे तसाच नेऊ ना गा?" मी खवळलोच. "येडा झाला काय? असा मळका माल घेऊन नागपूरले जातेत काय? आपली काही इज्जत आहे का नाही?" आम्हा सराफांच्या हाताला दुसरं काही ठाऊकच नसतं, चांदी दिसली की उजळायची. चिंच लावली, राख लावली, रिठ्याच्या पाण्यात पितळी ब्रशनं खसाखसा घासला. रुपया लखलखला. सुमन बघायला आली होती. "काकाजी, याच्यात माझं तोंड दिसून राहिलं!" म्हणाली.

नागपूरच्या गृहस्थांनी भिंग डोळ्याला लावलं आणि लगेच खाली ठेवलं. "हे कोणी घासलं?" मी तोऱ्यात म्हटलं, "मी." ते म्हणाले, "अहो, तो काळेपणा जमायला शंभर वर्षं लागतात. आम्ही पैसे त्याचेच देतो. केसांवर बघा, ब्रशचे ओरखडे. आता ही एक तोळा चांदी." वर त्यांनी चहाही पाजला.

परतीच्या एसटीत भंडारा येईपर्यंत जनाभाऊ रुपया मुठीत धरून बसला. मग रुपया माझ्या हातात दिला. "हा गाळून टाक. घरी नेला तर सारे विचारतील, कोनं बिघडवला. मी सांगतो, खोटा निघाला, तुले पहिलेच शंका होती."

"काहून पण?"

"तुले त्या गावात दुकान चालवाचं आहे. नाव गेल्यावर सराफाजवळ काय राहते?"

आणि मी, निर्लज्जासारखा, हो म्हटलं. चांदीचे पैसे त्यानं घेतले नाहीत, म्हणून पुढच्या उन्हाळ्यात सुमन बपेऱ्याला दिली तेव्हा त्याच चांदीची जोडवी तिला घडवून दिली. ट्रेनिंग राहिलं ते राहिलंच. वर्षभरात मी दुकान साकोलीला हलवलं. इथं धंदा बरा चालतो असं लोकांना सांगितलं, पण मला जनाभाऊचं तोंड चुकवायचं होतं.

तेरवीची पंगत उठल्यावर सुमन पत्रावळी गोळा करत होती. माझ्याजवळ येऊन थांबली. "काकाजी, एक विचारू? तो रुपया खरंच खोटा होता? त्याच साली माझ्या भावासाठी शेतीचा पंप आला घरी. मले तवापासून वाटते, बाबानं रुपया विकला अन् माझं शिक्षण त्या पंपात घातलं." मी तोंड उघडलं. सांगणारच होतो, देवाशपथ सांगणारच होतो... आणि म्हणालो, "खोटाच होता, बाई."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमीबी बाबासारखंच सांगा," म्हणाली आणि पत्रावळी उचलून आत गेली.

म्हणून हे पेपरात लिहितो आहे. पंप सोसायटीच्या कर्जाचा होता, कागद मी डोळ्यांनी पाहिलाय. रुपया खरा होता, सुमन. घासला मी. तुझ्या बापानं माझं नाव राखलं आणि स्वतः तुझ्या मनातून उतरून मेला. हा पेपर बपेऱ्याला येत नाही, हे मला ठाऊक आहे. ठाऊक आहे म्हणूनच लिहायला धजलो.