भोंग्यावरची वर्गणी

आमच्या रुआबांधा वस्तीत जयंतीची वर्गणी भोंग्यावरून वाचली जायची. विहारासमोर मंडप आणि माईकवर समितीचे काका: अमक्यांचे इतके, तमक्यांचे तितके. बाबा स्टील प्लांटमध्ये नोकरीला होते तोवर आमचं नाव ऐकताना आईची मान ताठ असायची. ते निवृत्त झाले, मग वारले; पेन्शन अर्धी झाली, तशी वर्गणीही. पुढच्या जयंतीला आई डोकं दुखतं म्हणून घरीच बसली. त्याच्या पुढच्याही.

मी तेव्हा एका लहानशा कंपनीत होते. आम्ही क्रिप्टोवर चालणारी खाजगी डिजिटल रोकड बनवत होतो. व्यवहार खरा आहे हे कोणालाही तपासता येतं, कोणी किती दिले ते मात्र दिसत नाही. कंपनीचे पैसे संपत आले होते. रायपूरच्या एका गुंतवणूकदारासमोर मला बोलायचं होतं आणि तो नाही म्हणाला असता तर कंपनीला कुलूपच. त्याचा प्रश्न आधीच ठाऊक होता, कारण सगळे तोच विचारायचे: चोरांशिवाय लपवायची गरज कोणाला? याला बाजार कुठे आहे?

आदल्या संध्याकाळी मी ते भाषण आईसमोर म्हणून पाहिलं. हा प्रश्न आला तशी ती भाजी चिरायची थांबली.

"मी का चोर आहो?" ती म्हणाली. "आपली पेन्शन अर्धी झाली, हे पुऱ्या मोहल्ल्याले भोंग्यावरून कावून ऐकू जावं?"

तिचं डोकं कशाने दुखायचं ते मला तेव्हा कळलं. असा राग आला की जेवण गेलं नाही.

रायपूरला साहेबांनी प्रश्न विचारलाच. मी स्लाइड बंद केल्या आणि भोंग्याची गोष्ट सांगितली. म्हटलं, नेहमीची क्रिप्टो म्हणजे असाच भोंगा. कोणाचं खातं कोणतं हे एकदा कळलं की सगळी देणीघेणी उघडी. बाजार विचारता? ज्या घराला शेजार आहे ते प्रत्येक घर. साहेब चक्क बहिणीच्या लग्नातल्या आहेराबद्दल बोलू लागले, जो मांडवात सगळ्यांदेखत वाचला गेला होता. पैसे मंजूर झाले. परतताना बसमध्ये मी एकटीच हसत होते, तर शेजारची बाई जरा सरकून बसली.

आई खूश झाली, पण तेवढ्यावर थांबली नाही. पोरगी परक्या माणसासमोर बोलून आली, तर आपण आपल्याच विहारात का गप्प बसायचं, असं म्हणून ती थेट समितीच्या बैठकीत जाऊन उभी राहिली. हिशेब झाकला तर लोक संशय घेतील, असं काकांचं म्हणणं.

"एकूण सांगा, खर्च सांगा, पावती ज्याची त्याले द्या," आई म्हणाली. "कोनं किती देल्ले, ते राहू द्या."

बायकांनी तिची बाजू उचलून धरली आणि काकांचं काही चाललं नाही.

त्या जयंतीला भोंग्यावरून एकच आकडा वाचला गेला, मागच्या सालापेक्षा मोठा. आई पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होती. त्यात तिचे किती होते, मला आजही माहीत नाही. विचारणारही नाही.