दाराचं मत

समोरच्या फ्लॅटचं दार कायम बंद असतं, पण ते बोलतं. मंदारचे आई-वडील पाठोपाठ गेले, तेव्हा त्याने कॅनडाला परत जाताना दारावर कॅमेऱ्याची बेल बसवून घेतली; फोनवरून तो तिकडूनच बघतो, बोलतो. जिन्यात कोणी आलं की तिच्याभोवती निळी कडी पेटते. भर दुपारीही मला शहारल्यासारखं होतं.

परवा प्रचाराच्या बायका आल्या. माझ्या हातात पत्रक देऊन त्यांनी ती बेल दाबली.

"बोला," दार म्हणालं.

एक जण दचकून मागेच सरली.

"आपल्याकडे टँकर अजून येतो का हो?" दाराने विचारलं.

त्या एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी मीच म्हणाले, "येतो रे बाबा."

"मत द्यायचंय मला. पण इथून देता येत नाही, काकू. तिथे यावं लागतं."

बायका भराभर जिना उतरून गेल्या. मी तिथेच उभी. ज्याच्या बादलीत हे पाणी पडणार नाही, त्याने इथला कारभार कशाला ठरवायचा, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण पाण्याचं विचारलं ते त्यानेच. मी, इथे राहणारी, पत्रकाचा नुसता बोळा करून उभी होते. मग या जिन्यात नक्की राहतं कोण?

मतदान करून परतले, तेव्हा शाईचं बोट उगाचच त्या बेलसमोर धरलं. निळी कडी पेटली.

मग दार हळूच म्हणालं, "काकू, जरा जवळ धरा ना."