जुळणीवालीचं बाळंतपणाचं पुस्तक

आमच्या बाइंडिंगच्या दुकानात माणसं तीन. शिलाई आणि पुठ्ठा बघणारा माझा धाकटा भाऊ, गिऱ्हाइकांशी भांडणारी मी, आणि जुळणीवर माझी भावजय. भावाला सगळे डिंक्या म्हणतात. एकदा डोक्यात काही चिकटलं की सुटत नाही, म्हणून. पण बघावं ते भावजयीचं काम. छापखान्यातून मोठे कागद येतात, घड्या घालून त्यांच्या सोळा-सोळा पानांच्या जुड्या होतात, त्यांना आम्ही फर्मे म्हणतो. ती टेबलाभोवती फिरत फर्मे उचलते, तोंडाने गप्पा चालू, आणि एखादा जरी कमी पडला तरी मधेच थबकते. "काहीतरी गळलंय," म्हणते. गळलेलंच असतं!

तर या आमच्या जुळणीवालीला दिवस गेले! तेही दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी तिसऱ्याच महिन्यात सगळं संपलं होतं, आणि मग घरात बाळाचा विषय कुणी काढत नसे. त्यामुळे डॉक्टरीणबाई "सगळं छान आहे" म्हणाल्या तेव्हा मला दुकानात नाचावंसं वाटलं. नाचलेच थोडी.

डिंक्याच्या डोक्यात त्याच दिवशी चिकटलं, चांगलं पुस्तक हवं. शटर ओढून आम्ही तिघं निघालो. पुस्तकांच्या दुकानात गर्भारपणावर अख्खी फळी! पहिलं निघालं ते गुळगुळीत, वर ढगात झोपलेलं बाळ. डिंक्याने ते उलटं धरून कणा दाबला.

"नुसतं चिकटवलंय. नऊ महिने टिकायचं नाही."

"अरे, बाळंत कोण होणार आहे, ते पुस्तक?" मी म्हटलं.

दुसऱ्यात बापासाठी एकच ओळ होती, बॅग उचला. डिंक्या जाम चिडला. तिसऱ्यात काय खाल्लं की मूल हुशार निपजतं याची छातीठोक हमी. भावजयीने ते दोन बोटांनी परत फळीत सरकवलं आणि कोपऱ्यातलं एक साधं, जाडजूड पुस्तक काढलं. लिहिणारी बाळंतपणं करणारी डॉक्टर, आवृत्ती ताजी, महिन्यावार प्रकरणं, बापासाठी वेगळी पानं, आणि जिथे नक्की सांगता येत नाही तिथे सरळ लिहिलेलं, तुमच्या डॉक्टरांना विचारा.

"आणि शिलाईचं आहे गं!" डिंक्या हरखून ओरडला. झालं, ठरलं!

घरी आल्यावर म्हणाला, मी याला नवी बांधणी करून देतो. पिवळं कापड, लाल रेशमी खूणफीत. नुसतं खुललं हो ते पुस्तक! भावजयीने हातात घेऊन पानं सरसर फिरवली. एका जागी थांबली, नवऱ्याकडे बघितलं, मग मिटलं. "सुंदर झालंय," एवढंच म्हणाली.

मग काय, रोज दुपारी चहा घेत मी मोठ्याने वाचायची. आता बाळाला नखं फुटली, आता ते आवाज ऐकतं, अशी रोज नवी बातमी! एका ठिकाणी मात्र 'झोपताना दोन गुडघ्यांच्या मधे' असं वाक्य आलं, आणि पान उलटलं तर 'दुपटी आधीच भरून ठेवा'. मी छापखान्याच्या नावाने बोटं मोडली. भावजय हसली. डिंक्या खळ ढवळत बसला.

आठव्या महिन्यात एके दुपारी डिंक्या माल पोचवायला गेला होता. जुळणी करता करता भावजय थबकली.

"ताई, डोकं फार ठणकतंय. डोळ्यांपुढे ठिपके नाचताहेत."

चेहरा सकाळपासून सुजल्यासारखा होताच. माझं धाबं दणाणलं. धावत जाऊन पुस्तक आणलं, आठवा महिना काढला, पुढची-मागची पानं चाळली. पाय दुखणं होतं, जळजळ होती. हे कुठेच नव्हतं.

"काही नाही गं, पुस्तकात असलं काहीच नाही. पड जरा."

"पुस्तकात आहे, ताई. तुमच्या भावाने तो फर्मा काढलाय. गाडी बोलवा."

मी पुस्तक तिथेच टाकून गाडी बोलावली. गाडीत तिने सांगितलं. हातात घेतल्याबरोबर तिला कळलं होतं. दुसऱ्याच दिवशी ती पुस्तकांच्या दुकानात गेली आणि दुसऱ्या प्रतीतून तेवढी पानं उभ्या उभ्या वाचून आली. प्रकरणाचं नाव, ताबडतोब दवाखाना कधी गाठावा.

"मग बोलली का नाहीस?"

"मला माहीत नाही असं वाटून तो खूश होता. म्हटलं, राहू दे."

बीपी भलतंच चढलं होतं. "बरं झालं लगेच आलात," म्हणत डॉक्टरीणबाईंनी तिला सरळ ऑपरेशनला आत घेतलं. डिंक्या धापा टाकत आला, हाताला खळ तशीच. खिशातून त्याने घडी घातलेला फर्मा काढला.

"ताई, मी काढला गं. पहिल्या वेळचं आठवून ती घाबरेल, म्हणून."

"गाढवा!" मी ओरडले. आणखीही बरंच बोलले. मग त्याच बाकावर दोघं रडलो. तेवढ्यात आतून नर्स आली. मुलगी! इवलीशी, पण रडणं असं खणखणीत की बाहेर ऐकू आलं! आणि आई? आईही सुखरूप! मी त्या नर्सला मिठीच मारली.

दुसऱ्या दिवशी डिंक्या खाटेशी मान खाली घालून उभा राहिला. भावजयीने त्याच्या हातातून फर्मा घेतला, कोपऱ्यांवरून बोट फिरवलं. ते पार मऊ पडले होते.

"किती वेळा वाचलास हा?"

"रोज."

"वेडा आहेस. तू एकटा घाबरलास, मी एकटी घाबरले. दोघं मिळून घाबरलो असतो तर काय बिघडलं असतं रे?"

त्याने पोरीच्या मुठीत बोट दिलं, आणि तिने ते घट्ट धरलं.

पुढे त्याने पुस्तक उसवून तो फर्मा जागच्या जागी शिवला. मळका, चुरगळलेला, कडेने बाहेर आलेला. कापून सरळ करतो म्हणाला, तर भावजयीने करू दिलं नाही. सध्या ते पुस्तक शेजारच्या अवघडलेल्या पोरीकडे आहे. परवा तिचा नवरा सांगत होता, कुठूनही उघडा, ते त्याच पानांवर उघडतं.